डिस्प्ले येत नाही

बिघडलेल्या यंत्रांमध्ये सगळ्यांत छळवादी यंत्र कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन : डिस्प्ले न येणारा कॉम्प्युटर. मिक्सर बिघडला तर जळका वास सुटतो. पंखा बिघडायच्या आधी आठवडाभर कुरकुरतो. स्कूटर बिघडली तर ती भर चौकात किका मारायला लावते आणि चार सल्लागार आपसूक जमवून देते. डिस्प्ले न येणारा कॉम्प्युटर यातलं काहीच करत नाही. बटण दाबलं की आतले पंखे झोकात फिरायला लागतात, रॅमच्या कांड्या हल्लीच्या फॅशनप्रमाणे जांभळ्या-हिरव्या उजळतात, कीबोर्डचा दिवा लागतो. सगळं कसं यथासांग. फक्त मॉनिटर 'नो सिग्नल' अशी पाटी दाखवतो आणि झोपी जातो.

यातली खरी मेख अशी, की कॉम्प्युटरला काय होतंय हे सांगायचं तर तो ते पडद्यावर लिहून सांगणार, आणि दुखणं झालंय ते नेमकं पडद्यावर लिहिणाऱ्याला. फिर्यादीचीच वाचा बसलेली. मग त्याच्या वतीने बोलायला बाकीचे सगळे पुढे सरसावतात.

आमच्याकडे हे प्रकरण आलं ते चिरंजीवांच्या ग्राफिक्स कार्डापायी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेल्यावर त्याला 'अभ्यासासाठी' कॉम्प्युटर जोडून दिला होता. जोडताना त्याने प्रोसेसर निवडला तो नावाच्या शेवटी 'एफ' असलेला. एफ म्हणजे प्रोसेसरच्या पोटात चित्र काढायची सोय नाही, म्हणून तो जरा स्वस्त. इंटेलने २०१९ सालापासून असे प्रोसेसर बाजारात आणले आणि 'तिथे वाचलेले पैसे कार्डात घालता येतात' हा हिशेब मुलांनी आपापल्या बापांना समजावून दिला. कार्ड रुसलं तर घरात काळोख, एवढाच तपशील त्या हिशेबात नसतो. सुरुवातीला एक नावापुरतं कार्ड बसवलं होतं. त्याच्यावर एक्सेल छान चालायचं. कॉम्प्युटर ज्यासाठी खरोखर घेतला होता, ते मात्र त्याच्यावर चालेना.

नव्या कार्डाची किंमत त्याने सांगितली तेव्हा मला वाटलं, तो अख्ख्या कॉम्प्युटरची सांगतोय. मग सेकंडहँडचा विषय निघाला.

जुन्या वस्तूंच्या जाहिरातींना त्यांची त्यांची ठरलेली पूर्वपीठिका असते. जुनी गाडी नेहमी डॉक्टरांची असते आणि ती फक्त घर ते दवाखाना इतकीच फिरलेली असते. जुना सोफा विकणारे नेहमी परदेशी निघालेले असतात. आणि जुनं ग्राफिक्स कार्ड हे नेहमी 'ओन्ली गेमिंग, नो मायनिंग' असतं. हे मायनिंग म्हणजे काय ते मला मुलाने समजावलं. इथेरियम नावाचं आभासी नाणं पूर्वी ग्राफिक्स कार्डांकडून आकडेमोड करून घेऊन मिळवता येत असे. लोक उघड्या सांगाड्यावर सहा-सहा, आठ-आठ कार्डं ओळीने बसवायचे आणि ती रात्रंदिवस राबवायचे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली आणि कार्डांचं काम एका दिवसात संपलं. जगभरातली ही राबलेली कार्डं झटकून, पुसून, नवी पेस्ट लावून बाजारात आली. या सगळ्यांच्या जाहिराती खऱ्या मानल्या, तर जगात मायनिंग कुणी केलंच नाही, असं सिद्ध होतं.

आम्हाला मिळालेला विक्रेता बदलापूरचा, विशी-बाविशीतला, अतिशय नम्र मुलगा होता. डोंबिवली स्टेशनात इंडिकेटरखाली भेटायचं ठरलं. दिवाळीत जो डबा घरोघर फिरतो आणि कुणीच फोडत नाही, त्या सोनपापडीच्या डब्यात त्याने कार्ड आणलं होतं. त्या डब्यातून काही उपयोगाचं निघताना मी तेव्हा प्रथमच पाहिलं.

"काका, माझं पर्सनल कार्ड आहे. मायनिंग कशाशी खातात तेही मला माहीत नाही," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. "घरी लावून बघा, डिस्प्ले नाही आला तर बिनधास्त फोन करा." एवढ्यात बदलापूर फास्ट लागली आणि तो दिसेनासा झाला.

कार्ड चांगलं दीड वीत लांब होतं. ते कॅबिनेटमध्ये मावेना म्हणून हार्डडिस्कचा पिंजरा काढावा लागला. पिंजऱ्याचा एक स्क्रू मदरबोर्डाच्या खाली गडप झाला. तो काढायला कॅबिनेट आडवं केलं तेव्हा यूएसबीच्या खाचेतून हळदकुंकू बाहेर आलं. आमच्याकडे दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते आणि आईच्या मते देवाला कुंकू लावताना हात आखडता घ्यायचा नसतो. जुनं कार्ड निघालं, नवं बसलं, खटका लागल्याचा 'टक' आवाज आला. मग कार्डाला विजेची वायर. मदरबोर्डाची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते, आठ पिनांची वायर आणखी १५० वॅट. प्रोसेसरला जाणारी वायरही आठ पिनांचीच असते आणि दिसायला जुळी बहीण. फक्त तिच्यातले धन-ऋण उलटे असतात, म्हणून तिच्या पिना मुद्दाम वेगळ्या आकाराच्या करतात, चुकीच्या जागी शिरू नये म्हणून. चिरंजीवांनी योग्य तीच वायर लावली, बटण दाबलं आणि पंखे फिरले.

नो सिग्नल.

पहिलं काम म्हणजे एचडीएमआयची वायर कार्डाऐवजी चुकून मदरबोर्डाला तर लावली नाही ना, ते बघणं. हे बघितल्याशिवाय कुणीही पुढे सरकत नाही, आणि 'ते बघितलं का?' असं विचारल्याशिवाय नंतर येणारा कुणी घरात पाऊल टाकत नाही. मदरबोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, कार्ड आणि डिस्क. ज्याच्यापाशी गाडी अडते त्याचा दिवा पेटता राहतो. आमच्याकडे कार्डाचा दिवा पेटला होता. जुनं कार्ड परत लावलं की सगळं सुरळीत, नवं लावलं की तो दिवा. म्हणजे आरोपी ठरलेलाच होता, फक्त गुन्हा ठरायचा होता.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे काका. त्यांचा मुलगा आयटीत आहे, त्यामुळे कॉम्प्युटरवर बोलण्याचा अधिकार त्यांच्याकडे वारसाहक्काने उलटा आलेला आहे. त्यांनी कॅबिनेटमध्ये डोकावलंसुद्धा नाही. मागून एसएमपीएसची पेटी हाताने जोखली आणि निकाल दिला, "वजन नाही." मुलाने त्यांना दाखवलं की पेटीवर ४५० वॅट लिहिलंय. काका म्हणाले, "लिहायला काय, मी पण लिहितो. लोखंड किती आहे ते बघ." एसएमपीएसची पारख वजनावर करायची पद्धत हास्यास्पद वाटते खरी, पण तिच्यात तथ्य आहे. स्वस्त पेटीत ट्रान्सफॉर्मर लहान, उष्णता शोषणारे पत्रे पातळ, म्हणून ती हाताला हलकी लागते. तरी नुसतं सुरू व्हायला कार्डाला फार वीज लागत नाही, असं चिरंजीवांचं म्हणणं होतं. काकांना ते पटलं नाही. त्यांना बरोबर असण्यापेक्षा पहिलं असण्यात जास्त रस होता.

दुसरे खोडरबरवाले. आपल्याकडे बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर पहिला उपचार म्हणजे रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची आणि परत लावायची. दुकानात याचेच दोनशे-तीनशे रुपये घेतात. यामागे शास्त्र आहे. दमट हवेत पट्टीवर मळ धरतो, विजेचा संपर्क नीट होत नाही. रबराने तो निघतो. कल्याण-डोंबिवलीच्या पावसाळ्यात हा उपाय बरेचदा लागू पडतो, त्यामुळे त्याच्यावर लोकांची श्रद्धा बसली आहे. आमच्या कार्डाचीही सोनेरी पट्टी घासून झाली. पांढऱ्या रबराचे काळे वळ टेबलावर पडले, ते बघून सगळ्यांना काहीतरी निघाल्याचं समाधान झालं. डिस्प्ले आला नाही. मग मदरबोर्डावरचा बटणासारखा सेल काढून ठेवला, म्हणजे कॉम्प्युटर आपल्या सगळ्या सेटिंग्ज विसरतो. त्या सेलवर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. कॉम्प्युटर आठवण विसरला, घड्याळ विसरला, पण अडायचं विसरला नाही.

मग चिरंजीवांनी कुठूनसा एक चिमुकला स्पीकर पैदा केला. पूर्वीच्या कॉम्प्युटरमध्ये तो असायचाच. कॉम्प्युटर उठल्या उठल्या स्वतःची तपासणी करतो आणि काही खुपलं तर शिट्ट्या वाजवून सांगतो. हल्ली कंपन्यांनी तो देणं बंद केलं आहे, बहुधा तक्रारी कमी ऐकू याव्यात म्हणून. स्पीकर लावला, बटण दाबलं. एक लांब शिट्टी, दोन आखूड.

आमच्या शेजारचे आजोबा तारखात्यातून निवृत्त झालेले. २०१३ च्या जुलैमध्ये सरकारने तार बंद केली, तेव्हापासून त्यांच्या कानाला कामच नव्हतं. ते दारातून जाता जाता थबकले आणि म्हणाले, "डी."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"लांब, आखूड, आखूड. मोर्समध्ये डी. परत वाजव बरं, पुढची अक्षरं येऊ देत."

परत वाजवलं. परत डी. पुढची अक्षरं काही आली नाहीत. चिरंजीवांनी मोबाइलमध्ये पाहून सांगितलं की एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डात अडचण. शिट्टीचा अर्थ ठरवणाऱ्यांच्या मनात मोर्स नसणार, पण आजोबांच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती बघून हा योगायोग आहे असं सांगायची कुणाची छाती झाली नाही. "डी म्हणजे डिस्प्लेच. यंत्र खोटं बोलत नाही," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी 'काय म्हणतोय आज?' अशी चौकशी करू लागले. तो आज पण डीच म्हणायचा.

पुण्याच्या भाच्याचा सल्ला सगळ्यांत जहाल होता : कार्ड ओव्हनमध्ये घाल. मी आधी चेष्टा समजलो, पण हा प्रकार खरोखर आहे. चिपच्या पोटाखाली कथलाच्या बारीक गोळ्या असतात. कार्ड तापून-निवून, तापून-निवून त्यांना कधी चीर जाते. कार्ड उघडं करून ओव्हनमध्ये काही मिनिटं तापवलं तर ती चीर तात्पुरती सांधते आणि मेलेलं कार्ड काही दिवस उठून बसतं, असे दाखले आहेत. युरोपने २००६ च्या जुलैपासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी आणली. बिनशिशाचं कथील पातळ व्हायला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि घरगुती ओव्हन जेमतेम तिथवर पोचतो. तेव्हा कार्डातलं नक्की काय दुरुस्त होतं आणि काय शिजतं, हे त्या ओव्हनलाच ठाऊक. भाच्याने तापमान आणि मिनिटं लिहून पाठवली होती, शेवटी 'पंखे काढायला विसरू नकोस' अशी सूचना. ती वाचून बायको म्हणाली, "त्या ओव्हनमध्ये नानकटाई होते." तिच्या स्वरात असं काही होतं, की पुण्याची चिकित्सापद्धती तिथेच बाद झाली.

शेवटी लॅमिंग्टन रोड. पाट्यांवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण १९०३ ते १९०७ अशी चार वर्षं मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन लोकांच्या तोंडातून जायला तयार नाही. ग्रँट रोडला उतरून तिथे गेलं की मुंबईतल्या सगळ्या आजारी कॉम्प्युटरांचे नातेवाईक भेटतात. कुणाच्या हातात उघडा मदरबोर्ड, कुणाच्या काखेत मॉनिटर, चेहऱ्यावर ओपीडीतल्या रांगेची कळा. आमच्या दुकानदाराचा एक हात मोबाइलवर होता. दुसऱ्या हाताने त्याने कार्ड घेतलं, कोपऱ्यातल्या एका पुराण्या, झाकण नसलेल्या, पिवळ्या पडलेल्या मशीनमध्ये खुपसलं आणि पायाने खालचं बटण दाबलं.

डिस्प्ले आला. लख्ख.

"कार्ड एकदम ओके आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे प्रॉब्लेम आहे."

हे ऐकून आनंद मानावा की अपमान, ते कळेना. चिरंजीवांचा चेहरा उजळला, मग पडला, कारण आता आरोपी बदलला होता आणि नवा आरोपी मी पैसे देऊन पूर्ण नवा घेतलेला होता. घरी आणून कार्ड परत लावलं. डी. म्हणजे बदलापूरला चालतं, ग्रँट रोडला चालतं, फक्त डोंबिवलीत चालत नाही. वरच्या काकांनी याचं कारणही दिलं : आमच्याकडचं व्होल्टेज.

मग मात्र मी त्या नम्र मुलाला फोन लावला. बिनधास्त लावा, असं तोच म्हणाला होता.

"काका, तुमच्याकडे विंडोज अकरा आहे का?"

आहे, असं सांगितलं.

"मग काही टेन्शन नाही. बंद करा आणि कार्डाच्या वरच्या कडेला बघा, बारीक स्विच आहे. नखानेच सरकतो."

चिरंजीवांनी टॉर्च मारला. खरंच होता. तांदळाच्या दाण्याएवढा, काळ्यावर काळा. इतक्या जणांनी हे कार्ड घासलं, फुंकलं, उलटं-पालटं केलं, ओव्हनमध्ये घालायला निघाले, पण तो कुणाला दिसला नव्हता.

"आता तो कुठल्या बाजूला आहे?"

"मॉनिटरच्या वायरीकडे."

"हां, म्हणजे तो मायनिंगलाच राहिला. गेमिंगच्या बाजूला करा."

फोनवर थोडा वेळ फक्त लोकलचा आवाज येत होता.

"मित्राने केलं असेल," तो म्हणाला.

नंतर चिरंजीवांनी मला सगळं उलगडून सांगितलं. कार्डाच्या आत एका चिपमध्ये त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम असतो. मायनिंगवाले मेमरीचा वेग वाढावा आणि वीज कमी खावी म्हणून तो बदलतात. पण कंपनीने मूळ प्रोग्रॅमवर सांकेतिक सही केलेली असते आणि प्रोग्रॅमला हात लावला की ती सही जुळेनाशी होते. जुना मदरबोर्ड सहीबिही तपासत नाही, कार्ड जे म्हणेल ते ऐकतो. विंडोज अकरासाठी नव्या शिस्तीने लावलेला मदरबोर्ड, 'सिक्युअर बूट' सुरू असेल तर, सही न जुळणाऱ्या प्रोग्रॅमला आत घेतच नाही. त्याच्या लेखी कार्ड असून नसल्यासारखं, म्हणून काळोख. काही कार्डांवर मात्र दोन प्रोग्रॅम ठेवायची सोय असते : एका बाजूला बदललेला, दुसऱ्या बाजूला कंपनीचा जसाच्या तसा. कोणता चालवायचा ते ठरवायला तो तांदळाएवढा स्विच.

म्हणजे लॅमिंग्टन रोडचा दुकानदार खरा होता, मदरबोर्ड खरा होता, शिट्टी खरी होती. खोटी होती ती फक्त जाहिरात, आणि उपायही नेमका जाहिरात देणाऱ्यालाच माहीत होता. त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर आमचा सगळा खटाटोप वाचला असता. पण मग आम्ही ते कार्डच घेतलं नसतं, आणि तो स्विच सरकवायचा प्रश्नही आला नसता.

स्विच सरकवला. बटण दाबलं. या वेळी डी वाजला नाही, एकच आखूड शिट्टी झाली. शेजारून आजोबांनी ओरडून विचारलं, "ई आला का रे?" आणि मॉनिटर उजळला. बायकोने साखर ठेवली. आईने जाऊन कुंकू लावलं, या वेळी कॅबिनेटच्या वरच्या बाजूला, खाचेपासून लांब.

चिरंजीवांनी लगेच गेम चढवला. त्या गेममध्ये एक उद्ध्वस्त शहर आहे, त्याच्या गल्ल्यांतून पाऊस पडतो आणि पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं हलतात. बघताना मलाही कबूल करावं लागलं की एक्सेलमध्ये हे नव्हतं. इतक्यात त्या शहरात पहिला बॉम्ब फुटला, कार्डाचे पंखे भिरभिरले आणि अख्खा कॉम्प्युटर फट्कन बंद झाला. परत लावला, परत शहर, परत पाऊस, बॉम्ब, बंद. कार्डाची भूक १८५ वॅटची. नुसतं सुरू व्हायला ती लागत नाही, पण बॉम्ब फुटला की एकदम लागते.

वरचे काका जिन्यात भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "वजन?"

संध्याकाळी बदलापूरहून फोन आला. "काका, डिस्प्ले आला ना? नाही, म्हटलं, चौकशी करावी. आणि गेममध्ये बंद पडत असेल, तर माझ्याकडे एक साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस आहे. चांगला जड आहे. माझा पर्सनल, ओन्ली गेमिंग."